पोटखराबा

साखळीच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान.
साडेआठला शटर अर्धं ओढते
आणि मशीन गार होईपर्यंत
आकाशगंगेत असते.

खेळ शिकवला साईलने, माझ्या भाच्याने.
"मावशी, नव्या ताऱ्यापाशी पोचलीस की आधी भोंगा वाजव.
जे जे फिरतंय ते सगळं पडद्यावर येतं.
मग ठरव, नकाशा कुणाचा करायचा.
सगळ्यांचा करत बसलीस तर म्हातारी होशील."
मी एकावन्नची. तो हसला, मग गप्प झाला.

म्हणून नियम केले. बिलबुकाच्या पाठीवर लिहिले:
निळं पाणी दिसलं तर थांबायचं.
अमोनियाचे पिवळट ढग असतील तर थांबायचं.
धातू भरपूर, आणि वर शिक्का 'माणसाळवता येण्याजोगा',
तर चहा निवला तरी थांबायचं.
नुसता खडक असेल तर अंतर बघायचं, मग आपला कंटाळा बघायचा.
बर्फाचे गोळे सोडून द्यायचे.
त्यांना कोण विचारतं.

महिनाभर पाळले.
सहा-सहा बाण सोडून अख्खा गोल जाळ्यात घ्यायचा,
जाळं मिटलं की खाली अक्षरं उमटतात:
पहिला नकाशा, सुलक्षा गावस.
दुकानाच्या परवान्यावरसुद्धा माझं नाव
नवऱ्याच्या नावाखाली आहे.

धातू भरपूर.
हे शब्द मी लहानपणीच ऐकले होते.
वाड्यावर खाणीचा सर्व्हेअर आला तेव्हा
त्याच्या साखळीचं दुसरं टोक बाबांच्या हातात होतं.
साखळीचा माणूस, साखळी धरायला:
हा विनोद बरीच वर्षं पुरला.
बाबा सांगत, डोंगर भरला तांबड्या पेन्सिलीने,
रस्ता आला, धक्का आला, बार्जींपर्यंत बाण गेला.
पायथ्याशी आमची झर होती, केळींच्या मुळाशी, गुडघाभर.
बाबांनी विचारलं, "सायबा, झर काढायची नाही?"
तो म्हणाला, "ती कशाला?"

पेन्सिल काही महाग नव्हती.

काल रात्री एक तारा लागला, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा.
भोंगा वाजवला. अकरा गोळे.
दहा बर्फाचे,
एक धातूचा, माणसाळवता येण्याजोगा, लाखांचा.
यानाचं नाक तिकडे वळवलं
तर वाटेत एक चंद्र आडवा आला.
पांढरा, एका बाजूला नखाने ओरखडल्यासारखा.
किंमत पाहिली: आमच्या रंगीत प्रतीहून कमी.

चार बाणांत होईल वाटलं. पाच लागले.

का, ते विचारू नका. झर तेव्हा आठवली नव्हती,
ती आत्ता लिहिताना आठवते आहे.
तेव्हा एवढंच वाटलं की इतक्या लांब आले,
आणि इकडे परत कुणी येणार नाही.
साईल फोनवर ओरडला, "आणि धातूचा सोडलास?"
सोडला कुठे. त्याचाही केला.
यानाला इंधन लागतं.

सकाळी पहिलं गिऱ्हाईक हरवळ्याचे एक आजोबा,
एक-चौदाचा उतारा, दोन प्रती.
काच उघडून कागद उलटा ठेवताना नजर गेली:
नारळ, काजू, भात,
आणि शेवटच्या रकान्यात पोटखराबा, तीस चौरस मीटर.
"यात काय आहे?"
मी कधी विचारत नाही.
आजोबांनी चष्मा वर केला, खाली केला.
"तिथं ना? तिथं म्हस बसते," म्हणाले. "दुपारभर."

झाकण लावलं. हिरवा उजेड
काचेखालून सावकाश सरकला,
नारळावरून, शिक्क्यावरून, तीस मीटरांवरून,
सारख्याच वेगाने.

"चार रुपये झाले," मी म्हणाले.